बिनबर्फाची जागा

१

क्रिस्टाची किंकाळी कानावर आली तेव्हा युनिस तुस्कानोच्या हातात चहाचा कप होता आणि पायांत घरातल्या सपाता. कप तिने टेबलावर ठेवला. सपाता बदलायला मात्र वेळ नव्हता. त्याच सपातांनिशी ती गुडघाभर बर्फ तुडवत समोरच्या घरात पोचली. वय पासष्ट, वजन विचारू नये असं, आणि तरी अँब्युलन्सच्या आधी! पुढे गावाने तिच्या बुद्धीपेक्षा या धावण्याचंच जास्त कौतुक केलं, आणि त्याचा तिला अजून राग आहे.

बेसमेंटमध्ये हेरॉल्ड डाबरे आरामखुर्चीत एका अंगावर कलंडलेला होता. उल्हास त्याच्या काखेत हात घालून त्याला जिन्याकडे ओढत होता आणि क्रिस्टा वडिलांचे पाय धरून रडत होती.

"मावशी, दारं उघडा! सगळी दारं उघडा!" उल्हास ओरडला. "गॅस आहे, गॅस!"

तिघांनी मिळून हेरॉल्डला वर आणलं आणि सरळ अंगणातल्या बर्फात निजवलं. अँब्युलन्स त्याला विंडसरच्या हॉस्पिटलला घेऊन गेली. मागोमाग आलेल्या अग्निशमनवाल्यांनी आपलं मीटर बेसमेंटच्या जिन्यावर धरलं, आणि ते जोरात केकाटायला लागलं. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला झोपेतच उचलून नेणारा वायू. आणखी तासभर उशीर झाला असता तर चर्चमधली पुढची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, हेरॉल्डच्या नावाने झाली असती.

एरी सरोवराच्या काठावरचं हेरन्स बे हे गाव विंडसरपासून तासाभराच्या अंतरावर. विंडसरच्या मोटार कारखान्यांत आयुष्य काढलेली वसईकडची पाच-सहा कुटुंबं निवृत्त होऊन इथे घरं घेऊन राहिली होती. दर नोव्हेंबरला युनिस चर्चच्या हॉलमध्ये उभी राहून गावाला हिवाळ्याच्या सूचना द्यायची. विंटर टायर्स लावा. छपरावरचा बर्फ काढा. दारात येऊन नवा हीटर विकणाऱ्याच्या कागदावर सही करू नका. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, माझ्या बाबांनो, बेसमेंटमध्येही लावा! गाव तिला 'सूचना आंटी' म्हणायचं, तिने आणलेला केक खायचं आणि घरी जायचं. हेरॉल्ड तर केकलाही येत नसे.

पण अलार्म त्याच्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी युनिसनेच उभं राहून तो बेसमेंटच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवून घेतला होता. मग तो वाजला कसा नाही?

अग्निशमनवाल्यांनी खिडक्या उघडून घर मोकळं केल्यावर ती खाली गेली. भिंतीवरचं सॉकेट रिकामं होतं. तिने कपाटाचे खण उघडून पाहिले. तिसऱ्या खणात, टॉवेलात नीट गुंडाळून, कोणीतरी अलार्म ठेवून दिला होता.

२

सोमवारी गॅसचा इन्स्पेक्टर आला. त्याने फर्नेस चालू केली, नळ्या लावल्या, आकडे पाहिले आणि डोकं खाजवलं. घर गरम करणारं ते यंत्र अगदी धडधाकट होतं. ज्योत निळी, जोडण्या घट्ट, गळती शून्य.

"आज तरी काही दोष नाही," तो म्हणाला. "पण टेक्निशियनने हात लावायच्या आधी काय होतं, ते मला कसं कळणार?"

सगळी ग्यानबाची मेख इथेच होती. टेक्निशियन म्हणजे उल्हास. मूळचा नागपूरचा, इथे गॅस टेक्निशियनचं लायसन्स घेतलेला, आणि क्रिस्टाचा होणारा नवरा. गेल्या महिन्यात हेरॉल्डच्या फर्नेसची सर्व्हिस त्यानेच केली होती. रविवारी वडील उठत नाहीत असं पाहून क्रिस्टाने पहिला फोन त्यालाच केला, तो दोन गल्ल्या सोडून राहतो म्हणून. त्याने येताच फर्नेस बंद केली आणि नंतर, घर मोकळं झाल्यावर, तिचं झाकणही काढून पाहिलं होतं.

हेरॉल्डला हे लग्न मान्य नव्हतं. मुलगा हिंदू म्हणून नाही, असं तो शपथेवर सांगायचा. मुलगा शहाणपणा शिकवतो म्हणून. सोमवारी संध्याकाळी शुद्धीवर येऊन त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "त्या पोराने माझी फर्नेस बिघडवली."

आणि त्याचा मुलगा एरिक, जो शनिवारी रिचमंड हिलहून आला होता आणि विंडसरला मित्राकडे उतरला होता, त्याने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आवाज चढवला. "उल्हास मेस्ड अप द सर्व्हिस, आणि मग सगळ्यांच्या आधी येऊन कव्हर-अप केला! इन्स्पेक्टरला मी सगळं सांगितलंय."

इन्स्पेक्टरचा रिपोर्ट बुधवारी जाणार होता. तो उल्हासच्या विरुद्ध गेला तर त्याचं लायसन्स जाणार होतं, आणि जानेवारीत ठरलेलं लग्नही. होणाऱ्या सासऱ्याला विषारी गॅस दिला असा शिक्का कपाळावर घेऊन कोण चर्चमध्ये उभा राहणार?

क्रिस्टा युनिसच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोळे सुजलेले. "आंटी, तू माझी गॉडमदर आहेस. तू काहीतरी कर. उल्हास असं करूच शकत नाही. पण मला रात्री झोप लागत नाही गं, कारण मग केलं कोणी?"

युनिसला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण खोटं कशाला बोला, तिचं काळीज उत्साहाने धडधडतही होतं. विंडसरच्या एका मोठ्या दुकानात तिने उभा जन्म तक्रारीच्या खिडकीमागे काढला होता. मोडका मिक्सर घेऊन येणारं गिऱ्हाईक काय म्हणतं? 'मी काही केलंच नाही, आपोआप बंद पडला.' आपोआप काही बंद पडत नाही. माणसं खोटं बोलतात असंही नाही. ती फक्त गोष्ट मधून सुरू करतात. सुरुवात काढून घ्यायची, की मिक्सरमधून चमचा निघतो.

"उद्या दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली. "आणि उल्हासला सकाळी इकडे पाठव. उपाशी पाठवू नकोस, उपाशी माणूस काही धड आठवत नाही."

३

उल्हास आला तो चेहरा पाडूनच.

"मी खोटं बोलून नाही राहिलो, मावशी. सर्व्हिस मी व्यवस्थित केली. अंकल पूर्ण वेळ मागे उभे राहून माझ्या चुका शोधत होते. शेवटी जे सगळ्या कस्टमरना सांगतो ते सांगायला लागलो, तर म्हणाले, मला शिकवू नकोस, बिल ठेव आन् नीघ."

"अलार्म तेव्हा भिंतीवर होता?"

"होता. टेस्टचं बटण दाबून वाजवला मी. अंकल म्हणाले, कान किटवू नकोस."

"मग तो काढला कोणी?"

"देव जाणे. रविवारी मी गेलो तेव्हा सॉकेट रिकामं होतं. आणि एक सांगू? खिडकी पुरती बंद नव्हती. बेसमेंटची ती छोटी, वरच्या बाजूची. फटीवर काळी टेप लोंबत होती. एवढ्या थंडीत!"

युनिसने ते मनात टिपलं. रिकामं सॉकेट आणि उघडी फट. दोन्ही एकाच भिंतीवर, हाताच्या अंतरावर.

मग तिने एरिकला बोलावलं. तो आला, पण जॅकेट काढायला तयार नव्हता.

"शनिवारी तू कुठे होतास?" युनिसने त्याच्यापुढे कॉफी ठेवत विचारलं.

"आंटी, आय टोल्ड एव्हरीबडी. मी दुपारी आलो, डॅडींशी बोललो, पाच वाजता निघालो."

"तुझ्या गाडीला रिमोट स्टार्टर आहे ना? बटण दाबलं की बसल्या जागी गाडी चालू. गॅरेज घराला चिकटलेलं. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू राहिली, तर तोच धूर घरात शिरतो. मी दर वर्षी सांगते."

एरिक पांढराफटक पडला. "यू थिंक आय..."

"गप्प बस, पोरा. मी गॅरेज बघून आले. प्लायवूडचे तुकडे आणि गवताच्या पेंढ्यांनी ते खच्चून भरलंय. तुझी गाडी सोड, त्यात सायकल मावणार नाही. म्हणजे तो धूर तुझ्या गाडीचा नव्हता." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पण पाच वाजता निघालेला माणूस रविवारपासून सगळ्यांत मोठ्याने का ओरडतोय, ते मला कळत नाही. चोराच्या उलट्या बोंबा मी खिडकीत बसून पुष्कळ ऐकल्यात."

एरिकने कॉफीचा कप दूर सारला. मग एरिकचा आवाज फुटला.

"मी परत आलो होतो. डिनरनंतर. घर विकून कॉन्डोत या, म्हणून पुन्हा एकदा समजवायला. डॅडी खाली खुर्चीत होते. हाक मारली तर नुसतं हूं केलं. मला वाटलं, नाताळच्या गोठ्याचं प्राइझ मिळालं म्हणून वाइन जास्त झालीय." त्याने तोंड हातांत लपवलं. "मी चिडलो होतो, आंटी. लाइट बंद केला आणि निघून गेलो. आय लेफ्ट हिम देअर."

युनिसने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मुलगा उल्हासवर नव्हे, स्वतःवर ओरडत होता.

"निघताना आणखी काही? आठव."

"नथिंग. अंधारात वायरीला अडखळलो, पडता पडता वाचलो."

"कुठली वायर?"

"भिंतीच्या सॉकेटपासून खिडकीकडे जाणारी, फ्लोअरवर लोळत होती. एक्स्टेन्शन कॉर्ड."

युनिस खुर्चीतून उठलीच. रविवारी सकाळी त्या भिंतीवर कुठलीही वायर नव्हती!

४

वायर कुठे गेली, याचं उत्तर शोधायला ती साऱ्या गावात फिरली असती. पण काखेत कळसा अन् गावाला वळसा. उत्तर तिच्याच घरात सोफ्यावर पाय पसरून हॉकी बघत होतं.

तिचा नवरा एल्टन रुसलेला होता. गावातल्या वसईकरांत दर नाताळला गोठ्यांची स्पर्धा होई. घराबाहेर, खऱ्या गवताचा, प्लायवूडच्या भिंती आणि वर छप्पर, आत मरिया, योसेफ, गाय, मेंढरं. बाळयेशूची गव्हाणी नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी. तिकडे वसईत डिसेंबरात अंगणात कुठेही बांधता येतो. इथे आधी फावड्याने अंगण शोधावं लागतं. एल्टनने यंदा गोठ्यात वाहता झरा केला होता. तो पहिल्याच रात्री गोठला, आणि शनिवारी पहिलं बक्षीस हेरॉल्डला गेलं. रीतीप्रमाणे जिंकलेला गोठा चर्चच्या हॉलपाशी हलवायचा असतो. हरलेल्यांनीच तो उचलायचा, हीसुद्धा रीतच.

"रविवारी पहिल्या मिस्सेनंतर तुम्ही हेरॉल्डचा गोठा नेलात ना?" तिने टीव्ही बंद करत विचारलं. "क्रिस्टा यायच्या आधी?"

"नेला. दार ठोकलं, उघडलं नाही. म्हटलं झोपला असेल राजा, प्राइझच्या नशेत. पिकअपमध्ये घातला आणि नेला. का? आता त्यावरही सूचना आहे का?"

"त्याच्या दिव्यांची वायर?"

"बेसमेंटच्या खिडकीतून आली होती. ओढली, आतून सुटली, आली. सोपं काम." एल्टन जरा खुलला. "गोठा म्हणे पहिला नंबर! अगं, ते छप्पर पाहिलंस का? गोठा एवढासा आणि छप्पर उजवीकडे हातभर बाहेर. नाकापेक्षा मोती जड! त्या बाजूला एक मेंढरू सुद्धा नाही, नुसती मोकळी जागा. तिन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे, आणि तरी आतलं गवत चिंब! उचलताना दुसऱ्या बाजूचा शशिकांत म्हणाला, गाईला घाम फुटलाय. मेणाचा मेंढपाळ तर कमरेत वाकला होता."

युनिस थबकली. बाहेर कडाक्याची थंडी, वर छप्पर, बाजूंना प्लॅस्टिक. आणि आत गवत ओलं, मेण मऊ?

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"हेरॉल्डच्या मागच्या भिंतीशी. आणि उल्हासला फोन कर, म्हणावं तडक ये."

हेरॉल्डच्या घरामागे बर्फ मांडीपर्यंत होता, फक्त एका ठिकाणी नाही. भिंतीला लागून गोठ्याएवढा एक चौकोन उघडा पडला होता, गवताच्या काड्या विखुरलेल्या. त्या चौकोनाच्या उजव्या टोकाला भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर आले होते. हाताच्या अंतरावर बेसमेंटची ती छोटी खिडकी.

"हे काय आहे?" तिने धापा टाकत आलेल्या उल्हासला विचारलं.

"फर्नेसचे पाइप. एक बाहेरची ताजी हवा आत ओढतो, दुसरा जळलेला गॅस बाहेर टाकतो. ओलसर, कोमट असतो तो, म्हणून इथे बर्फ टिकत नाही." उल्हास बोलता बोलता थांबला. त्याची नजर त्या चौकोनावर गेली. "मावशी... गोठा इथे होता?"

"इथेच. ते लांब छप्पर बरोबर या पाइपांवर. बाजूंनी प्लॅस्टिक. आता तूच सांग, जळलेला गॅस बाहेर कुठे जाणार?"

"कुठेच नाही! तिथेच कोंडणार. ताज्या हवेचा पाइप तोच पुन्हा आत ओढणार. ज्योतीला हवा कमी पडणार आन् कार्बन मोनॉक्साइड तयार होणार. आणि खिडकीला फट..." त्याने डोक्याला हात लावला. "वायरीची फट! सगळं आत!"

"आणि वायर लावायला सॉकेट हवं म्हणून हेरॉल्डनेच अलार्म काढून खणात ठेवला," युनिस म्हणाली. "टॉवेलात गुंडाळून, जपून. मारेकरी अलार्म जपून ठेवत नाही, फेकतो. रविवारी हे लोक गोठा घेऊन गेले, पाइप मोकळे झाले, म्हणून सोमवारी इन्स्पेक्टरला यंत्र निर्दोष दिसलं. कोणी काही बिघडवलंच नव्हतं, रे!"

उल्हासने आनंदाने तिचे दोन्ही हात धरले. ती मात्र नवऱ्याकडे वळली, कारण तिच्या मनात एक फारच वाईट शंका आली होती.

"एल्टन, हॉलपाशी तो गोठा तुम्ही ठेवलात कुठे?"

"मागच्या बाजूला. सगळीकडे बर्फ होता, फावडं मारत कोण बसणार? भिंतीशी एक छान सुकी जागा सापडली, बिनबर्फाची..."

त्याचं त्यालाच ऐकू आलं, आणि वाक्य तोंडातच राहिलं.

चर्चच्या हॉलच्या बेसमेंटमध्ये त्या वेळी कॅरल्सची प्रॅक्टिस चालू होती. गावातली झाडून सगळी मुलं. आणि शिकवायला क्रिस्टा.

५

एल्टनने गाडी काढली, चाकं गरगर फिरली आणि गाडी आडवी होऊन रस्त्याकडेच्या बर्फात रुतली.

"विंटर टायर्स?" युनिस किंचाळली.

"पुढच्या आठवड्यात लावणार होतो!"

साऱ्या गावाला टायर्सची सूचना देणारीच्या घरची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भांडायला वेळ नव्हता. तिघं उल्हासच्या व्हॅनमध्ये कोंबून बसली. पाइप, पाने-पकडी आणि एक शिडी यांच्या मधोमध युनिस बसली, एका हाताने शिडी धरून आणि दुसऱ्या हाताने क्रिस्टाला फोन लावत. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना.

"उचल गं, बाय, उचल," ती पुटपुटत होती. "पवित्र मरिये, तिला फोन उचलू दे."

हॉलच्या दारातून जिन्याकडे धावताना तिला गाणं ऐकू आलं आणि क्षणभर हायसं वाटलं. मग तिने नीट ऐकलं. गाणं कसलं, ती कुरकुर होती. अर्धे आवाज पुढे, अर्धे मागे, आणि मध्येच थांबणारे.

खाली क्रिस्टा पियानोवर कोपर टेकून, कपाळ धरून बसली होती. "आंटी? मुलं आज गातच नाहीयेत गं. सगळ्यांचं डोकं दुखतंय. एकजण उलटी करून आला. फ्लू असेल..."

"फ्लू नाही! सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

"बट इट्स फ्रीझिंग आउट देअर!" एक मुलगी पेंगुळलेल्या डोळ्यांनी म्हणाली.

"आमचे कोट वर आहेत, आंटी, वुई नीड अवर..."

"कोट गेले खड्ड्यात! पळा! जो शेवटी येईल त्याला माझं भाषण ऐकायला लागेल!"

ही धमकी लागू पडली. मुलं धडपडत जिना चढली. दोन लहानग्यांना तिने दोन्ही काखांत उचललं. कुठून बळ आलं ते तिलाच ठाऊक. क्रिस्टा शेवटच्या पायरीवर डगमगली, तेव्हा वरून उल्हासचा हात आला आणि त्याने तिला ओढून बाहेर घेतलं. मग तो फर्नेस बंद करायला श्वास रोखून एकटाच खाली गेला. तो परत वर येईपर्यंत क्रिस्टाने दाराची कड सोडली नाही.

मागच्या बाजूने धाडधाड आवाज येत होते. एल्टन साऱ्या गावाने पहिलं ठरवलेलं ते लांब छप्पर लाथांनी मोडत होता. स्पर्धा हरल्यापासून त्याच्या मनात हेच होतं, असं लोक म्हणतात. पण त्या वेळी तो रडत होता, हे युनिसने पाहिलं.

अग्निशमनवाले आले. मीटर पुन्हा केकाटलं. मुलांना शेजारच्या घरांत नेऊन ब्लँकेटं दिली, तपासलं. एकालाही दाखल करावं लागलं नाही. डोकेदुखी आणि भूक, एवढंच निदान झालं.

"दहा मिनिटं उशिरा आला असतात..." अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणाला, आणि पुढे न बोलता त्याने युनिसपुढे आपली टोपी काढली.

६

बुधवारी सकाळी हॉस्पिटलच्या खोलीत सगळे जमले होते. हेरॉल्ड उशांना टेकून बसला होता. क्रिस्टा उल्हासजवळ, एरिक खिडकीपाशी. युनिसने गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. हेरॉल्डचा चेहरा आधी लाल झाला, मग राखाडी.

"माझ्या गोठ्याने?" तो म्हणाला. "ती मुलं... माझ्या गोठ्याने?"

"मुलं ठणठणीत आहेत. पण एक गोष्ट राहिलीय, हेरॉल्ड, आणि ती तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. गोठा भिंतीशी बांधलास, समजलं. पण छप्पर उजवीकडे हातभर लांब का? तिथे ना मेंढरू, ना उंट. त्या छपराखाली फक्त पाइप होते. म्हणजे तू चुकून नाही, मुद्दाम पाइपांवर छप्पर घातलंस. कशासाठी?"

हेरॉल्ड चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिला.

"बर्फ पडू नये म्हणून," तो अखेर म्हणाला.

"पाइपांवर बर्फ पडू देऊ नये, हे तुला कोणी सांगितलं? मी दर वर्षी सांगते, पण माझ्या भाषणाला तू जन्मात आला नाहीस."

उल्हासने चटकन मान वर केली. युनिसला उत्तर ठाऊक होतं. फर्नेसची सर्व्हिस संपवून जो माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच एक वाक्य सांगतो, तो तिच्यासमोर उभा होता. पण ते हेरॉल्डच्या तोंडून यायला हवं होतं.

"ह्याने," हेरॉल्ड बोटही न दाखवता म्हणाला. "म्हणाला, अंकल, पाइप बर्फाखाली जाऊ देऊ नका, जिवाला धोका आहे. मी हाकललं त्याला. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन प्लायवूड आणलं."

"म्हणजे तुम्ही माझं ऐकलंत?" उल्हासला विश्वासच बसेना.

"सो इट वॉज हिज अॅडव्हाइस!" एरिक खिडकीपासून पुढे आला. सवय एका दिवसात जात नाही. "ह्याने सांगितलं म्हणून डॅडींनी..."

युनिसने हेरॉल्डकडे पाहिलं. हेरॉल्डने नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. गोठा त्याचा, बक्षीस त्याचं, आणि दोष पुन्हा उल्हासच्या गळ्यात. म्हातारा हट्टी होता, आणि त्याच्या गावातल्या नावाचा प्रश्न होता.

"तू गप्प राहा, एरिक," हेरॉल्ड म्हणाला. "ह्याने बर्फ काढायला सांगितलं होतं. छप्पर घालायला नाही. रोज वाकून शोव्हल करायचा मला कंटाळा, आणि ह्याचं ऐकलं हे कोणाला दिसू नये, म्हणून मी त्याचा गोठा केला. अलार्म मी काढला. खिडकीला फट मी ठेवली. ह्या पोराने मला ओढून बाहेर काढलं, आणि मी शुद्धीवर येऊन पहिलं काय केलं, तर त्याच्यावर आळ घेतला." तो मुलीकडे वळला. "क्रिस्टा, त्या इन्स्पेक्टरला फोन लाव."

इन्स्पेक्टरचा नंबर एरिककडे होता, म्हणून फोन त्यानेच लावला. हेरॉल्डने फोन कानाला धरला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं पहिल्यापासून सांगितलं. काहीही न वगळता, अगदी टॉवेलासकट. पलीकडून प्रश्न येत होते, तो उत्तरं देत होता. मग एका प्रश्नाशी तो अडला. इन्स्पेक्टरला रिपोर्टसाठी हवं होतं, तुमचं आणि त्या टेक्निशियनचं नातं काय?

हेरॉल्डने उल्हासकडे पाहिलं, चांगलं वरपासून खालपर्यंत.

"सन-इन-लॉ," तो फोनमध्ये म्हणाला. पलीकडच्याला बहुधा नीट ऐकू आलं नसावं, कारण त्याने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.